घोडीचे बीजांड गोठवावे की भ्रूण? वेळ हातात असताना ठरवायच्या गोष्टी

अबलख (धागाकर्ता):

गेल्या हिवाळ्यात माझी १७ वर्षांची घोडी पोटशूळाने गेली. आतड्याला पीळ पडला होता आणि शस्त्रक्रियेला नेण्याइतका वेळ उरलेला नव्हता. मध्यरात्रीनंतर तिला वेदनांतून सोडवण्याचा निर्णय घ्यावा लागला, तेव्हा तिचा वंश कसातरी पुढे चालावा म्हणून माझ्या विनंतीवरून पशुवैद्यांनी तिची दोन्ही अंडाशये काढून दिली. ती माझ्या हातात आली तेव्हा अजून कोमट होती, आणि एकाच्या कडेला पुटकाचा, म्हणजे बीजांड ज्यात वाढते त्या द्रवाच्या पिशवीचा, फुगवटा द्राक्षासारखा बोटाला लागत होता. मी ती पिशवीत घालून बर्फात गच्च दाबून ठेवली, कारण नाशवंत वस्तू टिकवायची तर बर्फ, एवढेच त्या क्षणी डोक्यात होते. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत १८ तास गेले. त्यांनी ११ बीजांडे बाहेर काढली, पण त्यांतले एकही पक्व झाले नाही. घोडीची अंडाशये अशी थेट बर्फावर ठेवायची नसतात, हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळले.

त्यानंतर वर्षभर मी या विषयावर जे मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले, आणि ज्यांच्याकडे वयात आलेल्या किंवा वयाने उतरलेल्या चांगल्या घोड्या आहेत अशांशी बोललो. जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: हल्ली स्त्रिया जशी आपली बीजे गोठवून ठेवतात, तशी घोडीची ठेवता येत नाहीत का? उत्तर 'येतात' असे आहे, पण त्या उत्तरावर विसंबून कोणी निर्धास्त राहू नये म्हणून हा धागा काढला आहे.

माणसांत गोठवलेल्या बीजापासून पहिले मूल १९८६ साली जन्मले आणि २०१२ साली अमेरिकेतील प्रजनन वैद्यकांच्या संस्थेने या पद्धतीवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढून टाकला. घोड्यांत पहिली शिंगरे २००२ साली नोंदवली गेली. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात घोडीच्या शरीरातच पक्व झालेली बीजांडे गोठवली, पुन्हा तापवली आणि आधीच रेतन केलेल्या दुसऱ्या घोड्यांच्या बीजवाहिनीत सोडली. त्यानंतर अपक्व अवस्थेत गोठवलेल्या बीजांडापासून पहिले जिवंत शिंगरू मिळाल्याचे बेल्जियममधील गेंट विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केले. या दोन टप्प्यांमध्ये १६ वर्षे गेली, यावरूनच काम किती अवघड आहे याची कल्पना यावी. आजही घोडीचे बीजांड गोठवणे ही रोजच्या सेवेतली गोष्ट नसून मोजक्या प्रयोगशाळांच्या हातातले कसब आहे.

याउलट, घोडीची ताजी बीजांडे काढून, ती प्रयोगशाळेत पक्व करून, इक्सीने, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडून, फलित करून तयार झालेले भ्रूण गोठवणे आता बऱ्यापैकी रुळलेले आहे. म्हणून माझे मत मी सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो. नर घोडा ठरलेला असेल आणि त्याचे वीर्य मिळण्यासारखे असेल, तर बीजांड गोठवू नका, भ्रूण गोठवा. बीजांड गोठवण्याचा मार्ग, ज्यांना नर ठरवता येत नाही किंवा ठरवायला वेळच मिळत नाही, त्यांच्यासाठी ठेवा. माझे यात कुठे चुकत असेल तर जाणकारांनी जरूर दाखवावे.

रिकीब:

आपल्या घोडीबद्दल वाचून फार वाईट वाटले. माझ्याकडे १४ वर्षांची घोडी आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याही दाराशी आला आहे. वीर्य इतकी वर्षे सर्रास गोठवले जाते, भ्रूणही गोठवले जाते, मग मधल्या बीजांडालाच काय होते? आणि गायींप्रमाणे संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी भरपूर बीजांडे का काढत नाहीत? संख्या वाढली तर नुकसान सोसता येईल असे मला वाटते.

सूक्ष्मदर्शी:

मी घोड्यांच्या भ्रूणांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. रोज हेच डोळ्यांसमोर असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. घोडीचे अंडाशय संप्रेरकांना गायीसारखा प्रतिसाद देत नाही. तिच्या अंडाशयाची रचनाच निराळी आहे. बीजांडे बाहेर पडण्याची जागा संपूर्ण पृष्ठभागावर नसून एका खोबणीपुरती असते, आणि एका माजात बहुधा एकच पुटक ३५ ते ४५ मिलीमीटरपर्यंत वाढून फुटते. औषधे देऊन दोन-चार जादा पुटके वाढवता येतात, पण गायीसारखी रास मिळत नाही. म्हणूनच आम्ही वाढलेल्या पुटकांची वाट न पाहता लहान, अपक्व पुटकांमधून बीजांडे काढतो.

आता पहिला प्रश्न. शुक्राणूत पाणी फारच कमी असते. भ्रूणात अनेक पेशी असतात, त्यामुळे काही मेल्या तरी उरलेल्या पुढे काम चालवतात. बीजांड मात्र एकच पेशी, तीही शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक. कवचासकट जेमतेम ०.१५ मिलीमीटरचा तो गोळा असतो, पण पेशीच्या मानाने तो अवाढव्य आहे, आणि आकारमानाच्या तुलनेत त्याचा पृष्ठभाग कमी असल्यामुळे आतले पाणी बाहेर जायला आणि शीतरक्षक द्रव्ये, म्हणजे पेशीला गोठण्याच्या इजेपासून वाचवणारी रसायने, आत शिरायला वेळ लागतो. पाणी आत राहिले तर त्याचे बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटते. पाणी काढण्यासाठी द्रव्ये जास्त वेळ ठेवली तर त्यांचाच विषार बाधतो.

त्यात घोडीच्या बीजांडात चरबी फार. सूक्ष्मदर्शकाखाली माणसाचे बीज स्वच्छ, काचेच्या मण्यासारखे दिसते. घोडीचे बीजांड काळपट दिसते आणि कित्येकदा त्याची एक बाजू गडद, दुसरी फिकट असते, कारण चरबीचे कण एका कडेला गोळा झालेले असतात. हे कण आणि पेशीचे पटल थंडीत थिजतात, आणि गोठणबिंदूच्या बरेच आधी, बर्फाचा मागमूस नसतानाच, इजा सुरू होते. आपण अंडाशये बर्फात ठेवलीत तेव्हा हेही घडले असणार.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक आहे. पक्व बीजांडात गुणसूत्रे तर्कूतंतूंवर, म्हणजे त्यांना धरून जागी ठेवणाऱ्या बारीक धाग्यांवर, ओळीने मांडलेली असतात. हे तंतू थंडीत विरघळतात. पुन्हा ऊब मिळाल्यावर ते जुळतात, पण प्रत्येक वेळी नीट जुळतातच असे नाही, आणि गुणसूत्रे इकडची तिकडे झाली की भ्रूण काही दिवसांत थांबते. ते टाळण्यासाठी अपक्व बीजांड गोठवावे, तर त्याची गुणसूत्रे केंद्रकाच्या पटलात सुरक्षित राहतात खरी, पण बीजांडाभोवतीच्या पेशींचे आवरण दुखावते. त्या पेशी बारीक तंतूंनी कवचातून आत पोचून बीजांडाला पक्व होण्यासाठी जे हवे ते पुरवत असतात. हा धागा तुटला की बीजांड जिवंत दिसते, पण पक्व होत नाही. थोडक्यात, दोन्ही अवस्थांत काहीतरी गमवावे लागते. यातली कोणती अवस्था निवडावी याबद्दल आमच्या क्षेत्रात आजही एकमत नाही.

गोठवण्याची पद्धत हल्ली व्हिट्रिफिकेशनची असते, म्हणजे द्रव इतक्या झटक्याने थंड करायचा की स्फटिक व्हायला उसंतच मिळू नये आणि सगळे काचेसारखे घट्ट व्हावे. एथिलीन ग्लायकॉल, डीएमएसओ, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांपैकी दोन द्रव्ये आणि सोबत साखर, बहुधा सुक्रोज किंवा ट्रेहालोज, असे मिश्रण असते. बीजांड आधी सौम्य द्रावणात आणि मग तीव्र द्रावणात जाते. तीव्र द्रावणात ते मिनिटभरही ठेवायचे नसते. त्यात टाकताच ते सुकल्या मनुकेसारखे आक्रसते. मग ते एका मायक्रोलिटरहूनही कमी द्रवासह प्लास्टिकच्या अरुंद पट्टीच्या टोकावर उचलायचे आणि थेट उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचे. हात थरथरला किंवा थेंब मोठा झाला की सगळे फुकट. तापवतानाही तीच घाई असते, आणि उंदरांच्या बीजांडांवरील कामातून असे दिसले आहे की तापवण्याचा वेग गोठवण्याच्या वेगापेक्षाही निर्णायक ठरतो.

पंचकल्याणी:

अबलखदादा, आपण हे लिहिण्याचे धैर्य केलेत याबद्दल मनापासून आभार. माझ्या घोडीची बीजांडे दोनदा काढली आहेत. प्रत्यक्षात काय होते हे इतर मालकांना कळावे म्हणून लिहिते.

घोडीला खोड्यात, म्हणजे तिला हलू न देणाऱ्या चौकटीत, उभी करून गुंगीचे औषध देतात. ती पडत नाही, फक्त मान खाली घालून ओठ सैल सोडते. एक पशुवैद्य गुदाशयातून हात घालून अंडाशय धरून ठेवतो आणि योनीमार्गे आत ठेवलेल्या अल्ट्रासाऊंडच्या टोकावर ते दाबून धरतो. त्या टोकाच्या बाजूने जाणारी लांब सुई एकेका पुटकात शिरते. पडद्यावर पुटक काळ्या वर्तुळासारखे दिसते, द्रव ओढला की ते मिटते, पुन्हा द्रव भरला की फुगते. घोडीचे बीजांड पुटकाच्या भिंतीला घट्ट चिकटलेले असते, म्हणून एकेक पुटक आठ-दहा वेळा धुवावे लागते आणि धुताना सुई फिरवून भिंत खरवडावी लागते. माझ्या घोडीच्या १६ पुटकांना जवळजवळ दीड तास लागला. बाहेर येणारा लालसर द्रव गाळून घेतात आणि त्यात बीजांडे शोधतात.

मला मिळालेली संख्या अशी होती. १६ पुटकांतून ९ बीजांडे निघाली, त्यांपैकी ६ पक्व झाली, ६ मध्ये इक्सी केली आणि शेवटी भ्रूण बनले १. दुसऱ्या वेळी २ मिळाली. पहिल्या दिवशी निराशा झाली होती. नंतर कळले की एका वेळी एक ते दोन भ्रूण हा साधारण चांगला निकाल मानतात. आता याच गणितात मध्ये गोठवण्याची एक पायरी घालून पाहा. ९ बीजांडे पक्व होण्याआधीच गोठवली, तापवताना काही गेली, उरलेल्यांतली नेहमीपेक्षा कमी पक्व झाली, आणि पक्व झालेल्यांतलीही कमीच वाढली, तर हातात शून्य येण्याचीच शक्यता जास्त. म्हणूनच दादांचे मत मला पटते. माझी तिन्ही भ्रूणे गोठवली, आणि त्यांतल्या एकापासून सरोगेट घोडीला झालेले शिंगरू आज सात महिन्यांचे आहे.

सूक्ष्मदर्शी:

पंचकल्याणीताईंनी दिलेले आकडे नेहमीच्या अनुभवाशी जुळणारे आहेत. त्याला एक जोड देतो. गर्भाशयातून धुऊन काढलेले भ्रूण थोडे मोठे झाले की त्याच्याभोवती जाड आवरण तयार होते, आणि ३०० मायक्रोमीटरच्या पुढे गेलेले भ्रूण आतला द्रव काढल्याशिवाय नीट गोठत नाही. इक्सीने प्रयोगशाळेत ७ ते १० दिवसांत तयार झालेले भ्रूण लहानच राहते, त्यामुळे ते उत्तम गोठते आणि तापवल्यावर ताज्या भ्रूणाच्या जवळपास जाणारे निकाल देते. योगायोगाने मिळालेला हा फायदा आहे, पण घोड्यांच्या पैदाशीत त्याने बरेच काही बदलले.

इक्सीला एका बीजांडामागे एकच शुक्राणू लागतो, हेही लक्षात घ्यावे. मेलेल्या नराच्या गोठवलेल्या वीर्याच्या मोजक्याच नळ्या उरल्या असतील, तर द्रव नायट्रोजनमध्येच नळीचा लहानसा तुकडा कापून वापरता येतो. वीर्य दुर्मीळ आहे म्हणून बीजांडे गोठवून थांबण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. गोठवलेल्या बीजांडाला इक्सी जवळजवळ अनिवार्यच असते, कारण थंडीने त्याचे कवच टणक होते आणि शुक्राणूला ते स्वतःहून भेदता येत नाही. तसेही घोड्यांत काचेच्या बशीतले साधे फलन दशकानुदशके जमत नव्हते. १९९० च्या सुमारास फ्रान्समध्ये दोन शिंगरे झाली, त्यानंतर शांतताच होती. २०२२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने शुक्राणूंना फलनापूर्वी बराच काळ विशिष्ट द्रावणात ठेवून ते पुन्हापुन्हा जमवून दाखवले. इक्सीचे पहिले शिंगरू मात्र १९९६ मध्येच कोलोरॅडोत जन्मले होते.

रिकीब:

मग बीजांड गोठवणे नेमके कोणासाठी उरते, हे मला अजून स्पष्ट झालेले नाही. सगळे जर भ्रूणाकडेच वळणार असतील, तर एवढे संशोधन कशासाठी?

अबलख:

रास्त प्रश्न आहे. मला तीन प्रसंग दिसतात, आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

पहिला प्रसंग तरुण, स्पर्धेत असलेल्या घोडीचा. तिचा नर आज ठरवणे म्हणजे तिची खरी योग्यता कळण्याआधीच जोडी लावणे. मालकाला हे मोकळेपण हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण अशा घोडीची बीजांडे दोन वर्षांनीही ताजी काढता येतात, म्हणून मला हे कारण सर्वांत दुबळे वाटते. घोडीची प्रजननक्षमता पंधराव्या वर्षाच्या आसपास उतरू लागते. त्याआधी घाई करण्यासारखे फारसे काही नसते.

दुसरा प्रसंग माझा. घोडी अचानक जाते, अंडाशये हातात असतात आणि नराबद्दल कोणी विचारही केलेला नसतो. अशा वेळी सगळी बीजांडे एकाच घाईघाईच्या निवडीवर खर्च करण्यापेक्षा काही लगेच फलित करावीत आणि काही गोठवावीत, असा मध्यम मार्ग निघू शकतो. मात्र पद्धत आजच्याइतकीच अवघड असेल तर मी स्वतः सगळी फलित करेन.

तिसरा प्रसंग दुर्मीळ वंशांचा, आणि त्याबद्दल मला सर्वांत जास्त वाटते. एखाद्या वंशाच्या मोजक्याच माद्या उरल्या असतील, तर नुसते नरांचे वीर्य साठवून तो वंश परत उभा राहत नाही, कारण वीर्य वापरायला त्याच वंशाची मादी लागते. पेशींची साठवण हा एक पर्याय आहे. प्रझेवाल्स्की या रानटी घोड्याचा 'कर्ट' हा क्लोन १९८० साली गोठवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये जन्मला, हे सर्वांनी वाचले असेल. पण त्यासाठी वापरलेले बीजांड पाळीव घोडीचे होते, म्हणजे त्याच्या तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, पेशीला ऊर्जा देणारे घटक) तिच्याकडून आल्या. आईकडून मुलीकडे जाणारा हा वारसा मूळ वंशाच्याच बीजांडात शाबूत राहतो. त्यासाठी बीजे साठवणाऱ्या एखाद्या पेढीने आज शंभर बीजांडे साठवून ठेवली आणि पद्धत सुधारल्यावर वीस वर्षांनी ती वापरली, तर ते मला पूर्णपणे शहाणपणाचे वाटते. द्रव नायट्रोजनमध्ये काळ जवळपास थांबलेला असतो, आणि वाट पाहणे तिथे परवडते.

आणखी एक गोष्ट. थरोब्रेडच्या नोंदवह्यांमध्ये प्रत्यक्ष नैसर्गिक संयोगातून झालेल्या शिंगरालाच जागा असते, कृत्रिम रेतनसुद्धा चालत नाही. तेव्हा शर्यतीच्या घोड्यांच्या मालकांनी या वाटेला जाण्याआधी आपल्या नोंदवहीचा नियम वाचून घ्यावा. इतर अनेक वंशांच्या संस्थांना हे मान्य आहे, पण अटी निरनिराळ्या आहेत.

मृदगंध:

सर्वांचे ज्ञान वाचून खूप शिकायला मिळाले, पण एक शंका मनात राहिली आहे. सुई, गुंगी, पुन्हापुन्हा धुणे हे सगळे घोडी का सोसते, तर आपल्याला तिचे शिंगरू हवे म्हणून. तिच्या जिवाला यात धोका किती?

पंचकल्याणी:

हा प्रश्न मीही विचारला होता आणि तो विचारलाच पाहिजे. रक्तस्राव, पोटाच्या आवरणाला संसर्ग, अंडाशयात गळू, गुदाशयाला इजा, हे सगळे घडू शकते. सरावलेल्या हातांकडून ते क्वचित घडते, पण घडते. माझ्या घोडीला पहिल्या वेळी दोन दिवस थोडा ताप होता आणि तिचे खाणे कमी झाले होते. दोन वेळांमध्ये मी सहा आठवडे जाऊ दिले. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करणारे आहेत, पण माझे मन झाले नाही. दुसऱ्या वेळेनंतर मी थांबले. त्याहून जास्त तिच्याकडून मागणे मला योग्य वाटले नाही.

रिकीब:

सर्वांचे आभार. मी नर ठरवला आहे आणि त्याच्या नळ्या उपलब्ध आहेत. येत्या आठवड्यात घोडीच्या अंडाशयांवरची पुटके अल्ट्रासाऊंडने मोजून घेणार आहे, आणि संख्या बरी असेल तर भ्रूणाच्याच मार्गाने जाणार आहे. एकच विनंती आहे. अबलख यांच्यावर जी वेळ आली ती माझ्यावर आली, तर अंडाशयांचे नेमके काय करायचे, हे कोणी लिहून द्याल का?

सूक्ष्मदर्शी:

सर्वप्रथम, प्रयोगशाळेचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर आजच मिळवा आणि त्यांची संमतीपत्रे आधीच भरून ठेवा. घोडी गेल्यानंतर अंडाशये जितक्या लवकर निघतील तितके बरे. तासाभरानेही फरक पडतो. बाहेर काढल्यावर ती कोमट सलाइनने धुवा, स्वच्छ पिशवीत थोड्या सलाइनसह बंद करा आणि थर्माकोलच्या डब्यात ठेवा. काही तासांत पोहोचणार असतील तर खोलीचे तापमान, म्हणजे सुमारे २० ते २२ अंश, पुरेसे आहे. प्रवास लांबणार असेल तर किती अंशांवर ठेवायचे ते प्रयोगशाळाच सांगेल. त्यासाठी थंड जेलचे पाकीट वापरावे लागले, तरी पाकीट आणि पिशवी यांच्यामध्ये जाड कापड हवेच. बर्फाचा थेट स्पर्श कोणत्याही परिस्थितीत नको. उन्हात तापलेल्या गाडीतही डबा ठेवू नका. उजवे आणि डावे अंडाशय वेगळ्या पिशव्यांत घालून वर घोडीचे नाव, काढल्याची वेळ आणि आपला नंबर लिहा. जवळ नराच्या वीर्याची नळी असेल तर ती नायट्रोजनच्या भांड्यातून बाहेर काढू नका. ती वेगळ्याने, आपल्याच भांड्यात प्रवास करील.

अबलख:

रिकीब, हे कागदावर लिहून तबेल्याच्या आतल्या दाराला लावा आणि रात्रपाळीच्या मोतद्दाराला एकदा वाचून दाखवा. माझ्या तबेल्यात मागच्या महिन्यापासून तो कागद लावलेला आहे. माझ्या दुसऱ्या घोडीचे वय १२ आहे.